लोलो अम्बो माझ्या प्रबंधात येतात

या जगात अशी एकही गोष्ट नाही जिचं व्यवस्थापन करता येत नाही! हे मी उगाच म्हणत नाही. व्यवस्थापनशास्त्रात डॉक्टरेट करणारा माणूस बोलतोय. आता माझी बायको पेर्लिता म्हणते, की ज्याला रोज सकाळी स्वतःच्या दोन चपला एका जागी सापडत नाहीत त्यानं जगाच्या व्यवस्थापनाबद्दल बोलू नये. पण चपला हा माझा विषयच नाही. माझा विषय आहे आमच्या पुलोंग कवायान गावचं बास्केटबॉलचं कोर्ट.

हसू नका. हसणारे फार भेटलेत मला. प्रबंधाचं पूर्ण नाव आहे ‘मर्यादित सामायिक भूमीच्या बहुविध वापराचे शास्त्रशुद्ध नियोजन’. हे नाव ऐकलं की हसणारे हसायचे थांबतात आणि जांभया देऊ लागतात.

मुद्दा असा, की आमच्या गावाला सपाट, उघडी, सिमेंटची जागा एकच. त्यामुळे जे काही होतं ते तिथंच. सकाळी शेतकरी तिथं भात वाळत घालतात. दुपारी पोरं चेंडू घेऊन येतात तर पायाखाली भात! संध्याकाळी बायका गाणी लावून झुंबा करायला येतात तर मध्ये पोरं! मग बाचाबाची, रुसवेफुगवे, आणि पुढं आठवडाभर एकमेकांच्या कोंबड्यांना दगड. या सगळ्यावर मी उपाय काढला. भलाथोरला फलक छापून कोर्टाच्या कुंपणाला टांगला. त्यावर वेळांचे तीन रंगांचे पट्टे. वाळवणाला लाल, खेळाला निळा, झुंबाला पिवळा. कोपऱ्यात हसरा मी. शास्त्राला माझ्या फोटोची गरज नव्हती, कबूल. पण आमच्याकडं फोटोशिवाय फलक टांगला तर लोकांना वाटतं छापखान्याची चूक झाली.

पट्टा बदलला की शिट्टी मारायचं काम लोलो अम्बोंकडे. लोलो म्हणजे आजोबा. हे सगळ्या गावाचे आजोबा. उभी हयात त्यांनी या कोर्टावर पंच म्हणून घालवली. दात सगळे गेले होते, पण शिट्टी हिरड्यांत धरून अशी सणसणीत वाजवायचे की पोरं सोडा, कोंबड्यासुद्धा कोर्ट सोडून जायच्या. ते शिट्टी मारणार, लोक निमूटपणे आपापलं आवरणार, आणि मी कुंपणाला टेकून ‘बघा, शास्त्र!’ अशा चेहऱ्यानं उभा राहणार. असं आमचं छान चाललं होतं.

आता फक्त शेवटची पायरी राहिली होती. दोन परीक्षक गावात येऊन माझं मॉडेल चालताना डोळ्यांनी बघणार, तिथून माझ्या घरी व्हायवा, वर जेवण, की मी डॉक्टर! आणि व्हायलाच हवं होतं. कॉलेजनं मला स्वच्छ सांगितलं होतं, या सत्राअखेर डॉक्टरेट नसेल तर कायमची नोकरी विसरा आणि तासिका तत्त्वावर या. मुदतवाढी मागून मागून मी इतका पुढं आलो होतो की विद्यापीठातल्या बाई मला दारात पाहिलं की न विचारताच ‘कधीपर्यंत?’ म्हणायच्या.

गाव मात्र जिवाला जीव देणारं. आमच्या सरपंच, कपिताना नोरिंग, यांनी तर सभा घेऊन जाहीर केलं, “आपल्या एली सरांना डॉक्टर करायचंच! गावात एकही डॉक्टर नाही.”

“कपिताना, मी तो डॉक्टर होणार नाहीये. औषध देणारा.”

“माहीत आहे हो सर. पण नसण्यापेक्षा बरा!”

गावानं टाळ्या वाजवल्या. रंगीत तालीम इतकी झकास झाली की मी घरी येऊन पेर्लिताला म्हणालो, “उद्यापासून मला डॉक म्हणायची सवय कर.”

“आधी ही उजवी चप्पल कोंबडीच्या खुराड्यात काय करतेय ते सांग, डॉक,” ती म्हणाली.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सकाळी कपिताना नोरिंग दारात आल्या. एरवी फाटकापासूनच हाक मारतात. त्या दिवशी काही न बोलता आत येऊन बसल्या, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“सर, लोलो अम्बो गेले. पहाटे. झोपेतच.”

फार गोड माणूस हो! लहानपणी मी इतका वाईट खेळायचो की मला संघात कुणी घ्यायचं नाही. तेव्हा लोलो मला शेजारी बसवून घ्यायचे आणि गुण मोजायला लावायचे. म्हणजे व्यवस्थापनाचे धडे मला पहिल्यांदा त्यांनीच दिले. डोळ्यांत पाणी आलं. खरोखर आलं. आणि ते गालावर पोहोचायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “लामाय कुठं ठेवलाय?”

आमच्याकडं माणूस गेला की त्याला लगेच पोहोचवत नाहीत. शवपेटी मांडतात, आणि लांबची मुलंबाळं येईपर्यंत सगळं गाव पेटीभोवती जागतं, खातं, पत्ते खेळतं. तो लामाय.

“कुठं म्हणजे? कोर्टावर! त्यांचीच इच्छा होती. मुलगा डोमेंग बोटीवर नोकरीला. बोट कुठल्याशा समुद्रात आहे. तो पोहोचेपर्यंत पेटी तिथंच.”

आम्ही दोघं कोर्टावर गेलो. मांडव घालायचं काम सुरू झालं होतं. कपिताना माझ्या फलकासमोर उभ्या राहिल्या. वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

“सर, याला कुठला रंग?”

मी फलकाकडे पाहिलं. लाल, निळा, पिवळा. इतके ग्रंथ चाळले, इतक्या तळटीपा दिल्या, आणि मरणाला मी रंगच दिला नव्हता!

आता माझ्या गाईड डॉ. बुएनकामिनो मॅडमना फोन करणं भाग होतं. चणीनं एवढ्याशा, पण त्यांनी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी विद्यार्थ्याचा प्रबंध दोन वर्षं मागं जातो. शिवाय आम्ही माणसं अशी की समोरच्याला सरळ ‘नाही’ म्हणणं आम्हाला जन्मात जमत नाही.

“मॅडम, उद्या तुम्ही नक्की येताय ना?”

“का? काय झालं?”

“काही नाही, काही नाही! ऊन फार आहे इकडं.”

“ऊन आहे म्हणून तर भात वाळतोय ना?”

“हो ते आहेच. रस्ताही जरा खराब आहे.”

“एली, परवा मी परिषदेला परदेशी चाललेय. परत येईन तोवर सत्र संपलेलं असेल. उद्या म्हणजे उद्याच. कोर्ट जागेवर आहे ना?”

“आहे, मॅडम.”

“लोक असतील ना?”

“असतील ना! भरपूर!”

बघा, एक शब्द खोटा बोललो असेन तर!

संध्याकाळी लोला चोलेंगना, म्हणजे लोलोंच्या बायकोला, भेटायला गेलो. पूर्वेच्या बास्केटखाली पांढरी पेटी, तिच्यात लोलो, अंगात ठेवणीतला शर्ट आणि गळ्यात शिट्टी. शेजारी लोला. मी सांत्वनाची चार वाक्यं बोललो, कॉफी प्यायलो, बिस्किटं खाल्ली, पुन्हा तीच चार वाक्यं बोललो.

“बाळा, तुझी उद्या परीक्षा ना?” लोलांनीच विचारलं.

“ते राहू दे हो, लोला.”

“राहू दे काय? गेले कित्येक दिवस आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. सराव म्हणून मला शिट्टी मारून स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा! तू दे परीक्षा अर्ध्या कोर्टावर. अर्धं त्याला पुरे. पंच आहे तो, खेळ चालू असताना मध्ये यायचा नाही.”

मी लोलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. त्या मला थोपटत राहिल्या. सांत्वनाला गेलेला मी, आणि थोपटून घेतलं मीच!

कपितानांनी रातोरात नियम ठरवून टाकले. पेटीसमोर गाणं लावायचं नाही. ओरडायचं नाही. चेंडू आपटायचा नाही. बाकी सगळं शास्त्राप्रमाणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यापीठाची गाडी आली. मॅडमबरोबर दुसरे परीक्षक डॉ. पाबालान होते. त्यांचा विषय व्यावसायिक डावपेच. कुठंही काहीही दिसलं की ‘यात स्पर्धात्मक फायदा काय?’ असं विचारायची त्यांना खोड. त्यांना कोर्टाच्या पश्चिमेकडून, भाताच्या बाजूनं आणायचं अशी माझी योजना होती. पण ते गाडीतून उतरतात न उतरतात तोच गावातल्या बायकांनी त्यांना दोन्ही कोपरांना धरून थेट पेटीपाशी नेलं. पेटीला वळसा घालून पुढं जाईल असा माणूस आमच्या अख्ख्या देशात सापडायचा नाही.

“एली,” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, “हे कोण?”

“लोलो अम्बो, मॅडम. तिसऱ्या प्रकरणातले.”

“शिट्टीचे?” मॅडमनी छातीवर क्रुसाची खूण केली. “अरेरे! तिसरं प्रकरण तेवढं चांगलं झालं होतं.”

मग बसणं आलं. कॉफी आली. बिस्किटं आली, कलिंगडाच्या बिया आल्या. लोला चोलेंग मॅडमचा हात हातात घेऊन लोलोंच्या पंचगिरीच्या हकिकती सांगू लागल्या. डॉ. पाबालान ‘फक्त निरीक्षण’ म्हणून पत्त्यांच्या टेबलापाशी गेले. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांची बाही वर सरकलेली आणि पानं छातीशी धरलेली!

मी घड्याळ बघत होतो. तीन वाजत आले. लाल पट्टा संपून निळा सुरू व्हायची वेळ. पश्चिमेच्या अर्ध्या कोर्टावर भात सोन्यासारखा पसरलेला. खेळणारी पोरं रांगेत तयार. झुंबाच्या बायका आज पांढरे कपडे घालून तयार. फक्त शिट्टी नव्हती.

“कपिताना, दुसरी शिट्टी आहे का?” मी कुजबुजलो.

“गावात शिट्टी एकच, सर. ती त्यांच्या गळ्यात आहे. काढून आणू?”

“नको नको!”

मी दोन्ही हात वर करून खूण केली. कुणी हललं नाही. पुन्हा केली. शेतकरी भाताभोवती उभे. एकदा माझ्याकडं बघतात, एकदा पेटीकडं, एकदा आपल्या पायांकडं.

“अहो, भात गोळा करा!”

“कसा करायचा, सर?” कपितानांनी काहीशा चमत्कारिक आवाजात विचारलं.

“कसा म्हणजे? रोज करता तसा!”

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग फलकावरचा निळा पट्टा पाहिला, मग मला पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या.

झालं! दोन वर्षं! मला कॉलेज दिसलं, तासिका तत्त्व दिसलं, पेर्लिताचा चेहरा दिसला. आणि कुंपणाला टेकवलेला एक खराटा दिसला. पुढचं मागचं न बघता मी तो उचलला आणि सपासप भात झाडायला लागलो!

एक हात मारला, दोन मारले, तिसऱ्याला मला जाणवलं की कोर्टावर श्वाससुद्धा ऐकू येत नाहीये. पत्त्याच्या टेबलावर डॉ. पाबालान यांचा हात हवेतच राहिला होता. एका बाईच्या हातातली कॉफी तिच्या पायावर सांडत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात माझ्या सासूबाईंची, नानाय इसिंगची, किंकाळी आली.

“एलिसेओ! मेल्या, झाडू टाक!”

तेव्हा मला आठवलं. लामाय चालू असताना झाडू लावायचा नाही! लावला की गेलेल्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी जातं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं हो! पण डॉक्टरेट अंगात आली की माणसाच्या डोक्यातलं असलंनसलं सगळं बाहेर पडतं.

कपितानांनी माझ्या हातातून खराटा हिसकावला. “सर, कुणीकडं तोंड करून झाडलंत?”

सगळ्यांनी भातात उठलेले माझे तीन पट्टे पाहिले. ते सरळ कुंपणालगतच्या बाकाकडं जात होते. बाकावर गावातले म्हातारे बसले होते. ते एकमेकांकडं बघत, गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि एकजात दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण खाली सिमेंट होतं.

तेवढ्यात लोला चोलेंग खुर्चीतून उठल्या. हळूहळू चालत भातापाशी आल्या, उकिडव्या बसल्या आणि ओंजळीनं भात भरून टोपलीत टाकायला लागल्या. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. “हातानं चालतं,” त्या कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाल्या.

मग सगळं गाव खाली बसलं. शेतकरी बसले, पोरं बसली, झुंबाच्या बायका पांढऱ्या कपड्यांनिशी बसल्या. मॅडमनी बूट काढले, चष्मा डोक्यावर सरकवला आणि त्याही बसल्या. डॉ. पाबालान आपली पानं उलटी ठेवून, ‘कुणी बघायची नाहीत’ असं बजावून आले. नुसता ओंजळीतून टोपलीत पडणाऱ्या भाताचा आवाज. मी माझ्या खराट्यानं विस्कटलेला भात वेचत होतो आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं. शेजारी कपिताना होत्या. त्यांनी आपला रुमाल दिला.

भात निघाला आणि खेळ सुरू झाला. चेंडू आपटायचा नाही, त्यामुळे पोरं तो तान्ह्या बाळासारखा या हातातून त्या हातात देत होती. एकानं बास्केट केला तेव्हा सगळ्या गावानं हात वर केले, तोंडं उघडली आणि आवाज म्हणून काढला नाही! मग परीक्षकांसाठी वेळेआधीच झुंबा झाला. गाण्याशिवाय. नुसत्या चपलांचा फटफट आवाज आणि मधूनच कुणाचातरी हुंदका. लोला चोलेंग पेटीवर हात ठेवून बघत होत्या आणि हसत होत्या.

मॅडमनी चष्मा पुसला. “एली,” त्या म्हणाल्या, “मी अशी साईट व्हिजिट जन्मात पाहिली नाही.”

माझी छाती पुन्हा फुगली. “आता घरी चला, मॅडम. व्हायवा आणि मग पान्सितच्या शेवया, भाजलेलं डुक्कर, तांदळाचे केक...”

पण फाटकात नानाय इसिंग दोन्ही हात पसरून उभ्या! कोर्टावरून आमच्या आधी त्या कशा पोहोचल्या हे मला आजतागायत कळलेलं नाही.

“थांबा! लामायवरून सरळ माझ्या उंबऱ्यात? आधी कुठंतरी टेका. मयताची सोबत तिथं सोडा. मग या.”

“नानाय, तुम्हीसुद्धा कोर्टावरूनच आलात ना?”

“मी चर्चमध्ये डोकावून आले! तू मला शिकवू नकोस.”

“अहो, हे परीक्षक आहेत! विद्यापीठातून आलेत!”

“भुताला विद्यापीठ कळत नाही. आणि तू तर आज अंगणातच झोप, झाडूवाल्या!”

मी मोठ्या आशेनं मॅडमकडं वळलो. परदेशी शिकलेली, शास्त्र जगलेली बाई! पण मॅडम कधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

“त्यांचं बरोबर आहे, एली. मी स्वतः कधी सरळ घरी जात नाही. इथं जवळपास काय आहे?”

जवळपास एकच गोष्ट होती, नाक्यावरची पेजेची टपरी. लामायवरून निघालेलं सगळं गाव तिथंच टेकतं, त्यामुळं टपरी गच्च भरलेली. माझा व्हायवा तिथं झाला. एका बाजूला गरम पेजेचं पातेलं, दुसऱ्या बाजूला डॉ. पाबालान, आणि चहूबाजूंनी गाव.

“या टपरीची गर्दी कशामुळं?” डॉ. पाबालान यांनी पहिला प्रश्न टाकला.

“लामायमुळं, सर.”

“स्पर्धात्मक फायदा?”

“दुसरी टपरी नाही, सर.”

“उत्तम!” ते पेजेत लिंबू पिळत म्हणाले.

मॅडमच्या प्रश्नांना मी उत्तर देण्याआधी गावच उत्तर द्यायला लागलं. फलक कुणी वाचतं का? “फोटो बघतो की!” नियोजनामुळं काय बदललं? “कोंबड्यांना दगड कमी बसतात!” शेवटी कपिताना उभ्या राहिल्या.

“मॅडम, करा की हो पास. माणूस हिऱ्यासारखा आहे. फक्त हातात झाडू देऊ नका.”

मॅडमनी चमचा खाली ठेवला.

“प्रबंध आम्हाला मान्य आहे.”

गावानं असा जल्लोष केला की पेजेचं पातेलं हललं! मी कपितानांना मिठी मारली, चुकून डॉ. पाबालान यांनाही मारली.

“पण,” मॅडम म्हणाल्या, “एक दुरुस्ती हवी. या कोर्टावर लामायही होतात आणि तुमच्या नियोजनात लामाय नाही. चौथा पट्टा घाला.”

“घालतो, मॅडम! आजच! काळा!”

“नुसता रंग नको. निरीक्षण हवं. एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंय. आणखी एकाचं बारकाईनं निरीक्षण करा, या लामायशी तुलना करा, ते प्रकरण जोडा. मग पदवी. वर्षभराची मुदत मी कॉलेजकडून मिळवून देते.”

“आणखी एकाचं म्हणजे?”

“लामायचं.”

टपरीतले सगळे चमचे थांबले. दाराजवळचे दोन म्हातारे पेज अर्धवट टाकून उठले आणि अंधार पडायच्या आत घरी जायचंय असं सांगत निघून गेले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

त्यानंतर माझं जिणं कठीण झालं. डोमेंग आला, लोलोंना आम्ही वाजतगाजत पोहोचवलं, कोर्ट पुन्हा तीन रंगांत चालू लागलं. पण मी रस्त्यानं निघालो की पुढची दारं लागायला लागली. “काय लोलो, तब्येत बरी ना?” असं मी पूर्वीही विचारायचो. आता तेच विचारलं की माणूस पांढराफटक पडतो. खोकणारा म्हातारा मला पाहून खोकला गिळतो आणि ‘गार पाणी प्यायलो एवढंच’ म्हणतो. मिठाईच्या दुकानातून म्हाताऱ्यांची गिऱ्हाइकी गेली. आणि पिवळ्या पट्ट्यात आता पाय ठेवायला जागा नाही, कारण गावातले झाडून सगळे म्हातारे झुंबाला येतात! परवा कपितानांनी मला बोलावून सांगितलं, की आरोग्य केंद्रातली नर्स तुमचं अभिनंदन करून गेली, असं निरोगी गाव तिनं पाहिलं नाही.

“अभिनंदन,” पेर्लिताही म्हणाली. “गाव वाचवलंस. आता नोकरी कशी वाचवणार?”

कुणाचं वाईट चिंतणारा माणूस मी नाही. रोज रात्री देवाला सांगतो, सगळ्यांना सुखात ठेव. आणि मग नोकरीचं आठवतं आणि प्रार्थना मध्येच अडखळते.

अशात एक दिवस मी कोर्टाच्या कडेला एकटाच बसलो होतो, तर लोला चोलेंग झुंबा संपवून घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसल्या. सगळ्या गावात तेवढ्या एकट्याच मला चुकवत नाहीत.

“तुझ्या डॉक्टरकीचं काय झालं रे, बाळा?”

“अडलंय, लोला.”

त्यांनी माझा हात हातात घेतला.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “तुझ्यासाठी मी आढेवेढे घेतले नसते. खरंच सांगते. म्हातारा तिकडं एकटाच आहे, मलाही करमत नाही. पण डोमेंगच्या पोरीचं लग्न ठरलंय जूनमध्ये. माझी एकुलती एक नात. तेवढं बघू दे मला. चालेल ना तुला?”

असं काय बोलता लोला, शंभर वर्षं जगा, खड्ड्यात गेली ती डॉक्टरेट! हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. शपथ घेऊन सांगतो, अगदी ओठावर!

पण तोंडातून निघालं ते, “जूनच्या सुरुवातीला, की शेवटी?”